फक्त दोन मिनिटांचं काम

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. अलिबाग तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या त्या गावात दुपारपासूनच आभाळ भरून आलं होतं. मुंबई-पुण्याचे पर्यटक परतले होते. नारळपाण्याच्या टपऱ्यांवर ताडपत्र्या चढत होत्या. सुरूच्या बनालगत पत्र्याच्या एका शेडमध्ये तीन एटीव्ही उभ्या होत्या.

एटीव्ही म्हणजे जाड, फुगीर चाकांची आणि मोटरसायकलसारखं हँडल असलेली छोटी चारचाकी गाडी. कोकणातल्या किनाऱ्यांवर, तसंच लोणावळा-महाबळेश्वरकडे ती आता सगळ्यांच्या ओळखीची झाली आहे. वाळूत एक फेरी मारायची, फोटो काढायचा आणि पैसे द्यायचे. पर्यटकांच्या दृष्टीनं ती घटकाभराची मौज असते, पण या घराची चूल त्या तीन गाड्यांवर पेटत होती. पतपेढीचं कर्ज काढून त्या घेतल्या होत्या. घरात थोरला भाऊ, त्याची बायको, धाकटा भाऊ आणि म्हातारी आई. थोरला धंदा सांभाळायचा, धाकटा आयटीआय करून त्याच्या हाताखाली होता आणि सून हिशेब ठेवायची.

पावसाळ्याचे चार महिने गाड्या किनाऱ्यावर ठेवून चालत नाही. खारं वारं लोखंड खाऊन टाकतं. त्या घरच्या वाडीत हलवाव्या लागतात. घर दोनच किलोमीटरवर, पण बहुतेक एटीव्हींना रस्त्यावर चालवण्याची नोंदणी नसते. म्हणून दर वर्षी गावातली पिकअप भाड्यानं आणायची आणि चार जणांनी हात लावून एकेक गाडी हौद्यात चढवायची, असा शिरस्ता होता.

त्या दिवशी मात्र गावात हळद होती. हाताखालची पोरं तिकडे गेली होती. पिकअपचा ड्रायव्हर घाईला आला होता.

"आटपा लवकर. मला अजून दोन फेऱ्या आहेत. पाऊस सुरू झाला तर इथून गाडी निघायची नाही," तो म्हणाला.

"अरे, थांब की जरा! फक्त दोन मिनिटांचं काम आहे," थोरला म्हणाला आणि त्यानं शेडमागून दोन फळ्या ओढून आणल्या.

पाच फुटांच्या दोन फळ्या

घराच्या बांधकामातून उरलेल्या त्या फळ्या पाच-पाच फुटांच्या होत्या. ड्रायव्हरनं पिकअपचा मागचा फाळका साखळ्यांवर आडवा ठेवला. फळ्यांची वरची टोकं फाळक्यावर टेकवली, खालची वाळूत. थोरला एटीव्हीवर बसला, अंगठ्यानं थ्रॉटल दाबला आणि पहिली गाडी घुर्र करत वर गेली. दुसरीही गेली. धाकट्यानं टाळी वाजवली. सून टोप्या आणि हेल्मेटं गोणीत भरता भरता बघत होती.

तिसरी गाडी सगळ्यांत मोठी, जवळजवळ तीनशे किलोंची. तोवर पावसाचे चार थेंब पडले होते आणि पहिल्या दोन गाड्यांच्या चाकांनी फळ्यांवर ओली वाळू थापली होती. पुढची चाकं फाळक्याच्या काठाला लागली आणि गाडी अडली. मागची चाकं फळीवर जागच्या जागी गरगरली. थोरल्यानं अंगठा आणखी दाबला.

पुढचं सारं क्षणात घडलं. डावी फळी मागच्या मागे निसटली. गाडीनं घोड्यासारखी पुढची चाकं उचलली आणि ती थोरल्यासकट उताणी कोसळली. निसटलेली फळी वाळूत तिरपी रुतली होती. गाडीचं हँडल तिच्यावर अडकलं, म्हणून खाली हातभर पोकळी राहिली. त्या पोकळीत थोरल्याची छाती वाचली. पाय मात्र वाचला नाही. उजव्या नडगीचे दोन तुकडे झाले. ऑपरेशन झालं, पायात पट्टी बसवली आणि डॉक्टरांनी सांगितलं, "दिवाळीपर्यंत या पायावर जोर द्यायचा नाही."

तिघांनीही पाहिलं होतं

पावसाळा कोकणात तसाही लांबलचक वाटतो. त्या वर्षी तो संपतच नव्हता. थोरला ओटीवरच्या खाटेवर पडून असे. दवाखान्याचं बिल भरलं होतं आणि पतपेढीचे हप्ते डोक्यावर होते. घरात कोणी कोणाला दोष देत नव्हतं. नशीब, ग्रहमान, ड्रायव्हरची घाई, सगळ्यांवर बोलून झालं होतं.

श्रावणातल्या एका संध्याकाळी सुनेला राहवलं नाही.

"अहो, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"सांग."

"दुसरी गाडी चढताना डावी फळी चार बोटं सरकलेली मी पाहिली होती."

थोरला तिच्याकडे बघतच राहिला. "मग बोलली का नाहीस?"

"मला त्यातलं काय कळतंय, असं वाटलं. आणि त्या ड्रायव्हरसमोर मी मधेच बोलले असते, तर तुम्हालाच ते आवडलं नसतं."

दाराशी बसलेला धाकटा मान खाली घालून म्हणाला, "वहिनी, मीही पाहिली होती. दादा ओरडेल म्हणून गप्प बसलो. दोन गाड्या चढल्यात, तिसरीही चढेल, असं वाटलं."

बराच वेळ कोणी बोललं नाही. पत्र्यावर पाऊस वाजत होता. मग थोरलाच हळूच म्हणाला, "मलाही चाकाखाली जाणवलं होतं रे. पण शेवटचीच गाडी होती."

तीन माणसांनी धोका पाहिला आणि तिघांनीही तो गिळला. एकीनं संकोचापायी, दुसऱ्यानं धाकापायी, तिसऱ्यानं घाईपायी. त्या दिवशी तिथे मजबूत फळ्या नव्हत्या हे खरं, पण त्याहून मोठी उणीव होती ती 'थांबा' म्हणणाऱ्याची.

असं का होतं?

धाकट्यानं आयटीआयची वही काढली. चाक पुढे जाताना आपल्याखालची जमीन मागे ढकलत असतं. जमीन हलत नाही, म्हणून गाडी पुढे जाते. पण चाकाखाली जमिनीऐवजी सुटी फळी असेल तर फळीच मागे जाते, ओल्या फरशीवर पायाखालून सतरंजी निसटावी तशी. पुढची चाकं हौद्याच्या काठावर अडतात तेव्हा मागच्या चाकांना सगळ्यांत जास्त जोर लावावा लागतो. म्हणजे फळी निसटण्याचा सगळ्यांत मोठा धोका अगदी शेवटच्या क्षणाला असतो. आपल्याला मात्र वाटतं, झालंच की आता!

त्यात एटीव्हीची ठेवणच अशी, की बसणारा उंच आणि गाडी आखूड. चाकांत हवा अगदी कमी, साधारण चार ते सात पीएसआय. मोटारीच्या चाकात ती तीसच्या आसपास असते. मऊ चाक वाळूवर छान चालतं, पण फळीच्या कडेवर दबतं आणि उसळतं. होंडा कंपनीनं १९७० साली अमेरिकेत असं पहिलं वाहन विकायला काढलं तेव्हा त्याला तीनच चाकं होती. ती वाहनं उलटून इतके अपघात झाले, की १९८८ साली तिथल्या सरकारशी झालेल्या समझोत्यानुसार कंपन्यांनी नवी तीनचाकी विकणं बंद केलं. पुढे चारचाकीच राहिली. ती अधिक स्थिर खरी, पण तीव्र चढावर ती आजही मागे उलटू शकते.

मोजपट्टी आणि बांध

दुसऱ्या दिवशी सुनेनं शिवणाच्या डब्यातली मोजपट्टी घेतली आणि ती ड्रायव्हरच्या घरासमोर उभ्या असलेल्या पिकअपजवळ गेली. ड्रायव्हरची बायको हसली. "काय गं, पिकअपला झबलं शिवतेस काय?" सुनेनं जमिनीपासून हौद्याच्या काठापर्यंतची उंची मोजली. बत्तीस इंच.

घरी दीर-भावजय कागद घेऊन बसले. बत्तीस इंच उंचीला पाच फुटांची फळी लावली तर चढ बत्तीस अंशांचा होतो. घराच्या जिन्याइतका. तीनशे किलोंची गाडी अशा चढावर सुमारे एकशे साठ किलोंच्या जोरानं मागे ओढते आणि त्यात बसणाऱ्याचं वजन वेगळंच. तीच फळी आठ फुटांची केली तर चढ वीस अंशांच्या आत येतो आणि मागची ओढ शंभर किलोंवर उतरते. नुसत्या तीन फुटांनी एवढा फरक!

कोपऱ्यात वाती वळत बसलेली म्हातारी सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "आम्ही बैलगाडीत शेणखताच्या पाट्या भरायचो तेव्हा गाडी खाली खाचरात उभी करायचो आणि माणसं बांधावर. ओझं वर चढवायचं नसतं गो, गाडी खाली उतरवायची असते."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. वाडीच्या कडेला फूटभर उंच, दगडांनी रचलेला रुंद बांध होताच. पिकअप खालच्या अंगणात उलटी लावून फळ्यांची खालची टोकं बांधावर ठेवली, तर चढायची उंची बत्तीसऐवजी वीसच इंच राहत होती. आठ फुटी फळीवर चढ फक्त बारा अंशांचा, ओढ साठ-बासष्ट किलोंची. शाळेची पायरी न चढलेल्या म्हातारीनं एका वाक्यात जवळजवळ चाळीस किलोंचं ओझं कमी केलं होतं.

लाकडी फळ्या कायमच्या बाद झाल्या. वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी जाळीच्या दोन आठ फुटी शिड्या करून घेतल्या. गाडीचं वजन त्याला सांगितलं आणि दुपटीहून जास्त भार सोसेल अशा बनव म्हणून बजावलं. दोन्ही शिड्या प्रत्यक्ष भार ठेवून तपासल्या. तयार शिड्या विकत मिळतात त्यांच्यावर किती भार चालेल ते लिहिलेलं असतं. तो आकडा गाडी आणि माणूस मिळून होणाऱ्या वजनाहून मोठाच हवा. शिडीच्या वरच्या टोकाला हौद्याच्या काठावर बसेल असा ओठ ठेवला. पण नुसत्या ओठावर भिस्त ठेवली नाही. प्रत्येक शिडीला साखळी जोडली, ती पिकअपच्या सांगाड्याला अडकवायची. फाळका आता पूर्ण खाली सोडायचा. तो माल अडवण्यासाठी असतो, तीनशे किलो पेलण्यासाठी नव्हे.

आणि हातानं फिरवायची एक विंच आणली. तिचं हँडल सोडलं तरी ओझं जागच्या जागी राहतं. हौद्याच्या पुढच्या भक्कम आडव्या पाइपाला ती बसवायची आणि तिच्या दोरानं गाडी वर ओढून घ्यायची. गाडीवर कोणी बसायचंच नाही.

इथे मात्र ठिणगी पडली.

"विंच कशाला? एवढा सोपा चढ झालाय. मी बसून चढवतो. सवय आहे मला," थोरला म्हणाला.

"तुम्ही बसायचं नाही."

"धंदा माझा आहे."

"पाय तुमचा होता, पण चार महिने घर सगळ्यांचं बसलं होतं. तुम्ही गाडीवर बसणार असाल तर एटीव्हीच्या चाव्या मी देणार नाही," सून म्हणाली. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. इतक्या स्पष्टपणे ती पहिल्यांदाच बोलली असेल.

थोरला काठी टेकत तरातरा परसात निघून गेला. रात्री धड जेवलाही नाही. लंगडत्या पायाचं त्याला तितकं दुःख नव्हतं, पण आपल्या कामात आपल्यालाच बाजूला व्हावं लागतंय, हे खुपत होतं. कोणत्या कर्त्या पुरुषाला ते सोपं जातं?

सकाळी तो चहाला आला तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, "मग मी कुठे उभा राहू?"

त्यांचं काम, त्याची हाक

दसऱ्याला गाड्यांना झेंडूच्या माळा घातल्या आणि दुसऱ्या दिवशी तोच ड्रायव्हर तीच पिकअप घेऊन आला. थोरल्याची जागा ठरली होती. बाजूला, जिथून चाकं, शिड्या, दोर आणि सगळी माणसं दिसतील अशी. काम एकच, काही चुकलं तर 'थांबा' म्हणायचं. पण तो हक्क एकट्या त्याचाच नव्हता, सगळ्यांचा होता. कोणीही म्हणावं, आणि कारण विचारण्याआधी सगळ्यांनी थांबावं.

पिकअप सपाट, घट्ट जमिनीवर लावली. हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला, चारही चाकांना दगड लावले. शिड्यांमधलं अंतर एटीव्हीच्या चाकांच्या मापानं ठेवलं. शिड्यांवरची माती झाडली. शेजारची पोरं जमली होती, त्यांना म्हातारीनं ओटीवर नेऊन बसवलं. गाडीचं हँडल दोरीनं सरळ बांधलं. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. धाकट्यानं हातमोजे घातले आणि विंचच्या बाजूला, दोराच्या रेषेत येणार नाही असा उभा राहिला. गाडीच्या मागे कोणीही नाही.

"ओढू?" धाकट्यानं विचारलं.

"थांबा!" थोरला ओरडला.

उजव्या शिडीची साखळी अडकवायची राहिली होती. ड्रायव्हर पुटपुटला, "एवढ्यानं काय होतंय?" कोणी त्याला उत्तर दिलं नाही. सुनेनं वाकून साखळी अडकवली आणि ओढून पाहिली.

मग विंच खटखट फिरू लागली. गाडी वीतवीत वर सरकली. पुढची चाकं काठावर आली तेव्हा सगळ्यांचा श्वास अडकला. थोरल्याचा हात आपोआप मांडीवर घट्ट आवळला गेला. शिड्या तसूभरही हलल्या नाहीत. गाडी हौद्यात जाऊन पुढच्या पत्र्याला टेकली.

नुसती चढवून काम संपत नाही. गाडी गिअरमध्ये टाकली, तिचा ब्रेक लावला, पेट्रोलचा कॉक बंद केला. चार कोपऱ्यांतून चार रॅचेटचे पट्टे घेऊन ते हौद्याच्या कड्यांना ताणले, गाडीचे शॉकअॅब्सॉर्बर थोडे दबेपर्यंत. साधी दोरी धक्क्यांनी सैल होते. अर्ध्या रस्त्यात पिकअप थांबवून पट्टे पुन्हा तपासले, तेव्हा त्यातला एक खरंच सैल झाला होता. किनाऱ्याकडे सुरूच्या बनाजवळ घट्ट मातीचा एक उंचवटा होता. पिकअपची मागची बाजू त्याला लावली आणि गाडी विंचच्या दोरानंच सावकाश खाली सोडली. उतरवतानाही धोका तेवढाच असतो, पण चढवताना घेतलेली काळजी माणूस उतरवताना विसरतो.

विंच प्रत्येकाकडे नसते. बसूनच गाडी चढवावी लागली तर डोक्यावर हेल्मेट हवं, चढ कमीत कमी हवा, गिअर सगळ्यांत खालचा, वेग चालण्याइतका आणि अंगाचा भार पुढे. मधे चाक गरगरलं तर थ्रॉटल आणखी दाबायचा नाही. अंगठा उचलायचा, ब्रेक धरायचा आणि गाडी सरळ रेषेत हळूहळू खाली आणायची. माघार घेण्यात कमीपणा नसतो.

आणि हे फक्त एटीव्हीचंच नाही. बदलीच्या गावी स्कूटर नेताना, शेतावर पॉवर टिलर नेताना आपणही टेंपोला एखादी फळी लावतोच. "हं, धर तिकडून," म्हणतो आणि घरातल्या पोराला मागे उभं करतो. त्या वेळी फळी किती लांब आहे, ती बांधली आहे का, मागे कोण उभं आहे, हे तीन प्रश्न विचारायला कितीसा वेळ लागतो? आणि कोणी विचारले तर त्याला गप्प तरी करू नये.

तिन्ही गाड्या शेडमध्ये लागेपर्यंत दुपार टळून गेली. तिघं घरी आले. म्हातारी ताटं घेऊन वाट बघत होती.

"केवढा हा वेळ! भात निवला की रे. मागच्या खेपेला तर म्हणे दोन मिनिटांचं काम होतं."

थोरल्यानं काठी भिंतीला टेकवली आणि तो पाटावर बसला.

"या खेपेला तीन तास लागले आई," तो म्हणाला. "मागच्या खेपेला पाच महिने लागले होते."